ओळ आधी, फोटो मागून

"वारो खंयचो होतो?"

नव्या जोडप्याला बाईंचा पहिला प्रश्न हा. कुठे फिरलात, काय खाल्लंत, ते नंतर. जोडपं माझ्या स्टुडिओतल्या बाकावर बसलेलं, आणि समोर बाई टाक आणि पांढऱ्या शाईची दौत घेऊन. नवरा छताकडे बघे, नवरी नवऱ्याकडे. वारा कुणालाच आठवत नसे. मग बाई खूश. "म्हणजे तुमी एकमेकांकच बघी होतास," म्हणत दौतीचं बूच काढत.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. मालवणात तेव्हा रंगीत रोल धुण्याची सोय नव्हती. तो एस.टी.च्या पार्सलने कोल्हापूरला जायचा आणि पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने परत यायचा. तोवर लग्नासाठी मुंबईहून गावी आलेल्या नवऱ्या मुलाची रजा संपे. म्हणून आमच्याकडे उलटा कारभार. जोडपं फिरून आलं की रोल आणि काळ्या पानांचा अल्बम ठेवून जाई. बाई त्यांच्याकडून ऐकून घेत, पानांवर फोटो अडकवायचे कागदी कोपरे चिकटवत आणि प्रत्येक रिकाम्या जागेखाली एक ओळ लिहीत. फोटो आले की मी ते कोपऱ्यांत बसवून अल्बम टपालाने धाडायचो. "ओळ आदी, फोटो मागसून," हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मलाही त्यांनीच गिरवायला शिकवलं होतं, तरी माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यांचं मात्र मोत्यासारखं. बोलायच्या मालवणी, लिहायच्या शुद्ध. ओळी तरी कशा? "खारेपाटण. चहा एक, बश्या दोन." "इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तासभर अडली. दोघांचीही तक्रार नाही." "रेडीची वाट. भांडण नुकतंच मिटलेलं." जोडपी वाचून लाजत, आणि हे बाईंना कुणी सांगितलं म्हणून एकमेकांवर डोळे वटारत.

सगळं सामान एका जाड कापडी पिशवीत. ती भरलेली पिशवी या हातातून त्या हातात घेत बाई चढ चढून यायच्या. मी कितीदा पुढे झालो असेन. दरवेळी उत्तर एकच: "नको रे. माजी पिशवी घेवचो माणूस वेगळो आसा."

एकदा एका जोडप्यासाठी त्यांनी लिहिलं, "वेंगुर्ल्याचा धक्का. छत्री त्याच्या हातात, ऊन तिच्या तोंडावर." नवरी हसली. म्हणाली, "छत्री? आमी घेवकच नाय." बाईंनी ओळ खोडली नाही. तीन आठवड्यांनी फोटो आला. नवऱ्याच्या हातात मिटलेली काळी छत्री, नवरी उन्हाने डोळे बारीक करून उभी. मी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. तिच्यातही छत्री. अल्बम पोचल्यावर मुंबईहून नवऱ्याचं पोस्टकार्ड आलं: फोटो उत्तम, फक्त छत्री कुणाची ते कळवावे.

तुम्ही म्हणाल, विसरले असतील. मीही तेच म्हणालो. पण असं चार-पाचदा झालं, आणि बाईंना विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "सांगताना माणसां अर्धा इसारतत. ता मी लिवतंय." त्या दिवसापासून पार्सल फोडलं की मी आधी अल्बममधली ओळ वाचू लागलो, मग फोटो बघू लागलो.

बाईंची स्वतःची गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक होती. लग्नानंतर विसाव्या दिवशी नवरा बोटीने मुंबईला गेला. जागा बघतो, पुढच्या बोटीने न्यायला येतो, पिशवी भरून धक्क्यावर थांब, असं सांगून. बाई थांबल्या. ती बोट आली, नंतरच्याही आल्या, पुढे बोटीच बंद झाल्या. नवऱ्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. बाई भावाच्या घरी राहिल्या, शाळेत लागल्या, आणि पुढे परक्यांच्या सहली लिहीत बसल्या. स्वतः त्या कुठे गेल्याच नाहीत. मला याचं फार वाईट वाटायचं.

एका सकाळी त्यांनी पिशवीतून एक जुना अल्बम काढला. पानापानावर चार कोपरे, खाली ओळ, मध्ये नुसता काळा कागद. "बोटीवर. बोट त्याला लागली, मला नाही." "नवी जागा. खिडकी एकच, दोघे तिच्यातच." सगळ्यात पहिल्या पानावर: "मालवणचा धक्का. त्याने माझी पिशवी घेतली."

"माजो एक फोटो काड," बाई म्हणाल्या. "ओळ कदीची लिवलेली आसा. आता दिवस थोडे रवले."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कॅमेरा आणि तिवई घेऊन धक्क्यावर गेलो. बाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. पिशवी उजव्या हातात. खांदा पार ओढला गेला होता, म्हणून मी ती खाली ठेवायला सांगितलं.

"खाली ठेवली तर तो घेतलो कशी?"

मी फोटो काढला. काचेतून बघताना पिशवी त्यांच्या हातात होती, हे मी कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन. परत येताना तिवई खांद्यावर टाकून मी पुढे चालत होतो, मागे वळलो नाही. वातावरण हलकं करावं म्हणून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. बाई, वारो खंयचो होतो?



"माका आठवणा नाय," बाई म्हणाल्या. आवाज एखाद्या नव्या नवरीचा वाटला. मी चाल वाढवली.

चौथ्या दिवशी दुपारी झोपल्या जागी बाई गेल्या. बारावं झाल्यावर त्यांचा भाचा तो जुना अल्बम घेऊन आला. त्यांनी तो मला द्यायला सांगून ठेवलं होतं. जाता जाता त्याने विचारलं, आतेची पिशवी इथे राहिली का? टाक, दौत, सगळं त्यात होतं. घर पालथं घातलं, कुठेच मिळाली नाही. मी नाही म्हणून मान हलवली.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरचं पार्सल आलं.

धक्का तोच, लुगडं तेच. बाईंचे दोन्ही हात रिकामे. पिशवी खांद्याला नाही, पायाशी नाही. उजव्या हाताची बोटं नुकतीच सैल झालेली, खांदा सरळ. त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. बाजूला, जरा वर, आपल्यापेक्षा वीतभर उंच माणसाकडे बघावं तसं बघत होत्या, आणि हसत होत्या. शेजारी कुणी नव्हतं.

मला भीती वाटली. आणि खरं सांगतो, त्याहून जास्त बरं वाटलं.

अल्बम उघडला. पहिल्या पानावरच्या चारही कोपऱ्यांत फोटो न कापता बसला. ओळ आधीपासून होतीच.