काकीचा कडू घास

माधव परबला विमानांचं वेड होतं आणि लालबागच्या त्याच्या चाळीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नाशी जवळ आली, लग्न केलं नाही, पण कॅमेऱ्याची हातभर लेन्स मात्र घेतली. विमानाचा आवाज आला की गॅलरीत मान वर करून ते कुठल्या कंपनीचं ते सांगायचा. पोरं त्याला पायलट म्हणायची आणि तोही हाकेला ओ द्यायचा.

तो राहायचा ती खोली मूळची शांताकाकीची. आई लवकर गेली, तेव्हा त्याला वाढवलं काकीनेच. गिरण्या चालू होत्या तोवर त्या खोलीत काकीची खाणावळ होती आणि अर्धी चाळ तिच्या भाकरीवर पोसलेली होती. काका गेल्यावर ती कोकणात गावी जाऊन राहिली. पुढे गावच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, विमानतळ झाला, तेव्हा माधवला वाटलं, देवाने हे खास आपल्यासाठीच केलं. काकी एकटी आहे हे त्याला त्या मानाने कमी आठवायचं.

एक दिवस बातमी आली की एका विमान कंपनीने आपली विमानं नव्याने रंगवली आहेत आणि त्यातलं पहिलं त्या सड्यावर उतरणार आहे. पोट गर्द निळं, शेपटीवर अबोली रंगाची लाट. असा फोटो अजून कोणाकडेच नव्हता. माधवने शुक्रवारची रजा टाकली आणि गाव गाठलं. विमान त्या दिवशी आलंच नाही. शनिवारी सकाळी येईल म्हणाले, आणि शनिवारी ऑफिसात हजर राहणं तर भाग होतं.

त्याने सड्यावरून रघुवीरला फोन लावला. रघुवीर त्याच्याच कुरिअर ऑफिसात कामाला, चाळीतही शेजारी, आणि चाळीच्या दारातला फळा लिहायचं कामही त्याच्याकडेच. साहेबांना सांग, काकी आजारी आहे, असं माधवने सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तर निभावून गेलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला तिखटमीठ लावल्याशिवाय राहवत नाही.

"काकीचं कमी-जास्त झालं तर..." तो म्हणाला आणि रेंज गेली. त्यातला 'तर' सड्यावरच राहिला. काकीचं कमी-जास्त झालं, इतकंच लालबागला पोचलं, आणि याचा अर्थ आपल्याकडे कोणी विचारत बसत नाही. थोड्या वेळाने माधवचा फोनही बंद पडला. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या बरोबर घेणारा हा गृहस्थ फोनचा चार्जर घरी विसरला होता.

काकीचं घर सड्याच्या उतारालाच. वरून कौलं दिसत होती. तरी तो बाजारातल्या लॉजवर राहिला. काकी जेवल्याशिवाय सोडणार नाही आणि सकाळचं विमान चुकेल, असं त्याने स्वतःला पटवलं. खरी गोष्ट वेगळी होती. धडधाकट काकीला आजारी पाडून तिच्याच हातचं जेवायची त्याला लाज वाटत होती. सकाळी विमान आलं, ऊन पाहिजे तसं पडलं, फोटो मिळाला. त्या आनंदात त्याने संध्याकाळी मुंबईची बस धरली.

रविवारी सकाळी तो चाळीच्या दारात आला आणि फळ्यापाशी थिजला. रघुवीरच्या सुबक अक्षरात काकीचं नाव होतं, नावाआधी 'कै.' आणि खाली समस्त रहिवाशांतर्फे श्रद्धांजली. तिथल्या तिथे ओरडून सांगायला हवं होतं. पण रघुवीरने खांद्यावर हात ठेवला, कोणी खांद्यावरची बॅग उतरवून घेतली, कोणी हाताला धरून वर नेलं. इतक्या मायेने वागणाऱ्यांना काय सांगायचं? मी विमान बघायला गेलो होतो?

खोली कोणीतरी झाडून ठेवली होती. शेजारच्या ललितावहिनी पिठलं-भाताचं ताट घेऊन बसल्या होत्या. रडून डोळे सुजले होते. माणूस गेलेल्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी कडू घास घालायचा, ही रीत. या चाळीत तो घास काकीच घालत आली होती, वर्षानुवर्षं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा भाकरी थापायला काकीने शिकवलं, असं सांगून वहिनी पुन्हा रडल्या. माधवने काहीतरी करायचं म्हणून फोन चार्जिंगला लावला. वहिनी "खा रे" म्हणाल्या आणि त्याने खरोखरच घास घेतला. आपण इतके हलके असू असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. उजवा हात खरकटा, डाव्या हाताने गडबडीत स्पीकरच दाबला गेला.

"माधवा, सड्यार इल्लंस आणि घराक येवक नाय?"

खोलीतल्या प्रत्येकाने तो आवाज ओळखला. काकी रागावलेली नव्हती. रिक्षावाल्याने तिला सांगितलं होतं, तुमचो माधव सड्यार फोटो काढता. तो येईल म्हणून तिने घावण्याचं पीठ भिजवून ठेवलं होतं. मग नेहमीप्रमाणे जेवलास का म्हणून विचारलं. जेवतंय, माधव पुटपुटला. काय जेवतंस, तिने विचारलं. आता त्याला एकही खोटं सुचेना. ललितावहिनीने पिठलं-भात दिलाय, म्हणाला.

शेजारणीच्या ताटातला पिठलं-भात तिला कोणी समजावून सांगायला नको होता.

"पिठलाभात? चाळीत कोणाचा कमी-जास्त झाला रे?"

माधवने मान खाली घातली. ललितावहिनींनी फोन आपल्याकडे ओढला.

"कोणाचं नाही हो काकी. सगळे बरे आहेत. तुमचीच आठवण काढत होतो."

फोन ठेवून त्यांनी पदराने तोंड पुसलं. रघुवीर फळा पुसायला निघाला. मी पुसतो, म्हणत माधव अर्धवट उठला, पण वहिनींनी त्याला ताटाकडे बोट दाखवलं.

"आधी ते संपव. काकीच्या खोलीत पानात टाकायचं नाही."

मग एकेक जण निघून गेला. विमानाचं कोणीही विचारलं नाही. गॅलरीतून पोरं धावत गेली, पण पायलट अशी हाक आली नाही. माधव एकटाच बसून शेवटच्या शितापर्यंत जेवला.