तानाबाईची हिरवी भिंत

शुक्रवार पेठेतून पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावर तानाबाईचं घर. त्याला लागूनच धाकट्या जावेचं, मीनाबाईचं. सासऱ्यांनी एकाच जुन्या घराचे दोन भाग करून दिले, तेव्हापासून जावेचा भाग तानाबाईच्या डोळ्यांत सलत होता. तिकडं एक खिडकी जास्त होती. पाव्हणेसुद्धा तिकडंच जास्त वेळ बसतात, असं तिला वाटायचं.

म्हणून शहाण्णव साली नवऱ्याच्या, आकारामच्या, मागं लागून तिनं आपल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर चकचकीत हिरवा ऑइल पेंट मारला. मीनाबाईच्या भिंती चुन्याच्याच राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हिरव्या रंगाचं कौतुक केलं की तानाबाईला दिवसभर बरं वाटायचं.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात नदी दोन्ही घरांत शिरली. छातीभर पाणी. आठवडाभर शाळेत राहून माणसं परतली. मीनाबाईनं पहिल्याच दिवशी कापसाच्या गाद्या टाकून दिल्या, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या.

"आक्का, तुमच्या पण गाद्या टाका. वास मारत्यात."

"माझं मी बघतो," तानाबाई म्हणाली. तिनं गाद्या उन्हात वाळवून परत आत घेतल्या. कपाट जागचं हललं नाही.

दिवाळीपर्यंत हिरव्या रंगाला फोड आले. कपाटामागं काळी बुरशी चढली. तानाबाई ती कोरड्या केरसुणीनं झाडायची. चार दिवसांत पुन्हा तेवढीच. तिच्या मुलीला, सातवीतल्या क्रांतीला, खोकला लागला. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. एकदा पोरगी अभ्यासाला काकूकडं गेली ती तिथंच झोपली. सकाळी येऊन म्हणाली, "आई, काकूकडं खोकला आलाच न्हाय मला."

मग ती रोजच तिकडं जायला लागली. वारा नेला, पाव्हणे नेले, आता पोटची पोरगीही नेली हिनं. एक दिवस तिनं क्रांतीचं अंथरूण काखेत मारून परत आणलं आणि बजावलं, "आजपासनं हितंच झोपायचं."

पाचव्या दिवशी क्रांतीला धाप आवरेना. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का? बुरशी?"

"न्हाय," तानाबाई म्हणाली. मीनाबाई शेजारीच उभी होती. क्रांतीच खाटेवरून म्हणाली, "हाय की. कपाटामागं."

दुसऱ्या दिवशी तानाबाई स्वतः जाऊन नागसेन गवंड्याला घेऊन आली. त्यानं छिन्नीनं गिलाव्याचा टवका काढला. आतली वीट बोटाला ओली लागली.

"वहिनी, भिंतीनं पुराचं पाणी पिलंय. ते भायेर पडायला वाट लागती. तुम्ही सिमेंट आन् ऑइल पेंटनं ती वाट बुजवली. मीनावहिनींचा चुना ओल सोडतो, म्हणून त्यांची भिंत वाळली."

तानाबाईनं त्या ओल्या विटेवर हात ठेवला. ज्या रंगावर ती नऊ वर्षं मिरवली, त्यानंच पोरीचा श्वास कोंडला होता.

नागसेननं तोंडाला फडकं बांधून, बुरशीवर पाणी मारून गिलावा उतरवला. गाद्या गेल्या, कपाट गेलं. शिमग्यापर्यंत विटा उघड्या ठेवायच्या होत्या. तोवर राहायचं कुठं, असं आकारामनं विचारायच्या आत मीनाबाईनं मधली खोली रिकामी केली.

तीन-साडेतीन महिने तानाबाई जावेच्या घरात राहिली. ते तिला जड गेलं. क्रांती काकूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची तेव्हा ती तोंड फिरवायची. पण पोरीच्या छातीतली शिट्टी थांबली होती, तेही तिला ऐकू यायचं. एकदा भाकरी थापताना ती म्हणाली, "मीना, गाद्यांचं तू सांगितलंतंस. मी ऐकलं न्हाय."

"ऱ्हाऊ दे की आक्का," मीनाबाई म्हणाली.

शिमग्यानंतर तानाबाईच्या भिंतींना चुना लागला. क्रांती घरी आली आणि तिथं बरी राहिली. तरी शनिवारी ती अंथरूण उचलून काकूकडं जायचीच. तानाबाईला ते अजूनही आवडत नसे, पण तिनं पुन्हा कधी अडवलं नाही.