बंद गिरणीची खंडेनवमी

लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मी नांदेडच्या कचेरीसमोरचे माझे बसणे हलवून लातुरास आणले. नव्या जिल्ह्यास अर्ज लिहिणाऱ्या जाणत्या माणसाची गरज भासेल, असा माझा कयास होता. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले असून पुढील शिक्षण मला कचेरीनेच दिले आहे. नव्या कार्यालयासमोरच्या लिंबाखाली मी पेटी मांडली. कार्यालयात अद्याप कपाटे यायची होती.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. गावाबाहेर कापसाची एक जुनी गिरणी बंद पडलेली होती आणि तिच्या कुंपणाला लागून तिच्या कामगारांची चाळ होती. चाळीचा आड आटला. गिरणीच्या आवारातील विहिरीला पाणी होते. परंतु फाटकाला कुलूप होते आणि मालक परगावी होता.

एके दिवशी चाळीतील एक विधवा बाई माझ्याकडे आली. तिचा नवरा गिरणीत फिटर होता आणि ती स्वतः सरकी वेगळी करण्याच्या खात्यात होती.

"मुन्शीजी, लेक बाळंतपणाला आलीय. पहिलंच हाय," ती म्हणाली. "व्याही म्हणून राहिलेत, तुमच्याकडं पाण्याचा थेंब न्हाई, पोरगी माघारी धाडा. पहिलं बाळंतपण सासरी झालं तर मी चार बायांत तोंड कसं दाखवू? तेवढं फाटक उघडाया सांगा सरकारला."

मी तिला समजावले की, विहिरीवर हक्क सांगायचा तर चाळीचा व गिरणीचा संबंध सिद्ध करावा लागेल, आणि संबंध सिद्ध करायचा तर गिरणीचा इतिहास लिहावा लागेल.

"दोन वळीत न्हाई का भागायचं?"

"नाही," मी म्हणालो.

माझ्या माहितीप्रमाणे त्या गिरणीचा इतिहास त्यापूर्वी कोणी लिहिलेला नव्हता. मी चाळीत बाज टाकून बसलो आणि जुन्या कामगारांस एकेक करून बोलावले. भोंगा वाजवणाऱ्या गृहस्थांच्या मते गिरणी भोंग्यावर चालत होती. बॉयलरवाल्याच्या मते ती बॉयलरवर चालत होती. दोघांत वाद होऊन दोघेही उठून गेले, तेव्हा मी दोन्ही मते नमूद केली. गिरणी निजामाच्या काळात उभी राहिली, याबद्दल मात्र एकमत होते. कारण ती उभी राहताना पाहिलेले कोणी हयात नव्हते. लोहा गावाकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या, रझाकारांच्या दिवसांतील बंद फाटक, गिरणीतील सण, सारे मी यथाक्रम लिहिले. विनंती शेवटी घातली, कारण विनंतीची जागा शेवटीच असते.

अर्जदारास संपूर्ण मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा घेत नाही. हा माझा नांदेडपासूनचा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे चाळीच्या अंगणात मी अर्ज वाचावयास घेतला. निजामाच्या काळातच निम्म्या बाया पेंगल्या. शेजारच्या खोलीतील बौद्ध बाई ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "मुन्शीदादा, पाणी मागून राहिलात का गिरणीचं लगीन जमवून राहिलात?"

मी वाचन थांबवले नाही. "खंडेनवमीस यंत्रांची पूजा होत असे," मी वाचले. "त्या दिवशी फाटक उघडे राही. चाळीतील स्त्रिया आत येऊन यंत्रांस कुंकू लावीत. पूजेचा कलश गिरणीच्याच विहिरीच्या पाण्याने भरण्यात येई व मांडलेली पूजा विधिपूर्वक हलवेपर्यंत फाटक लावीत नसत."

"थांबा," फिटरची विधवा म्हणाली. "ते परत वाचा."

मी पुन्हा वाचले. तिने बौद्ध बाईकडे पाहिले. मग दोघींनी घाईघाईने अंगठे दिले. पुढील मजकूर त्यांनी ऐकला नाही, याची मी अर्जाच्या समासात नोंद केली.

अर्ज घेऊन मी कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाने तिसऱ्या पानापर्यंत वाचून विचारले, "यात मागणी कुठंय?"

"अजून गिरणी सुरू व्हायची आहे," मी सांगितले.

त्याने अर्ज कपाट येईपर्यंत खिडकीत ठेवला.

खंडेनवमीच्या सकाळी चाळीतील बाया हळदकुंकवाची ताटे घेऊन फाटकाशी गेल्या. इतिहासकार या नात्याने मीही होतो. फाटकावरचा राखणदार जुना कामगारच होता.

"मालकाचा हुकूम न्हाई, वहिनी," तो म्हणाला.

"बरं. मग लिहून द्या मुन्शीजींना," फिटरची विधवा म्हणाली. "औंदा मशिनीला कुंकू लावू दिलं न्हाई म्हणून. ते इतिहासात घालतेत."

मी लेखणी काढली. राखणदाराने माझ्याकडे पाहिले, आतल्या शेडकडे पाहिले आणि किल्ली काढली.

"पण कलश म्हणून ह्या एवढ्या घागरी?"

"मशिनी काय लहान हायेत का, भाऊजी?"

शेडमध्ये कबुतरे होती. बायांनी गंजलेल्या चक्रांवरची धूळ पदराने पुसून कुंकू लावले. फिटरची विधवा एका यंत्रापुढे जरा जास्त वेळ उभी राहिली. ते तिच्या नवऱ्याकडे होते, असे मला मागाहून कळले. बौद्ध बाई पूजेत आली नाही. "कुंकू तुमी लावा, दोर मी वढते," असे म्हणून ती सरळ विहिरीवर गेली आणि सर्वांच्या घागरी तिने भरून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा झाला. राखणदार कुलूप घेऊन आला.

"पूजा हलवा आता, वहिनी."

"लेक मोकळी होऊ द्या. घरात पहिलटकरीण असताना मी मांडलेली पूजा हलवू व्हय?"

तो कुलूप घेऊन परत गेला. त्यालाही लेकी होत्या.

मुलगी माहेरीच बाळंत झाली. तिला मुलगी झाली. पूजा बारशापर्यंत ठेवावी असे ठरले आणि बारशानंतर ती हलवण्याचा विषय कोणी काढला नाही. झेंडूचे हार वाळून तपकिरी झाले, तेही तसेच राहू दिले.

पुढे कार्यालयास कपाट आले आणि अर्जाचे उत्तरही आले. गिरणीची कागदपत्रे जुन्या जिल्ह्यात असल्याने सदर गिरणी सध्या चालू आहे की बंद, याचा अर्जदाराने खुलासा करावा, असे त्यात होते. शिरस्त्याप्रमाणे मी ते चाळीत वाचून दाखवले. फिटरची विधवा नातीला न्हाऊ घालत होती.

"काय लिहायचे?" मी विचारले.

"हाय तसं लिवा," ती पाणी ओतत म्हणाली.

मी लिहिले, "गिरणी बंद आहे. पूजा चालू आहे." मग तिचे हात पुसून होईपर्यंत अंगठ्यासाठी थांबलो.