पायरीखालची ग्रामसभा

माझी खुर्ची देवळाच्या पायऱ्यांखाली मांडली होती. लाल, प्लॅस्टिकची, हातांची. वर सभामंडपात सतरंजी अंथरून गाव बसलं होतं. ग्रामसभा वर, ग्रामसभेची अध्यक्ष खाली. अध्यक्ष मी.

उपसरपंच अण्णा वरून म्हणाले, "बसा की सरपंचबाई. तुमाला खास खुर्ची हाय."

बसले. आमच्या गावात ग्रामसभा देवळातच होते, पहिल्यापासून. आणि आमच्या वस्तीतलं कुणी त्या पायऱ्या चढत नाही, तेही पहिल्यापासून. अडवायची वेळच कुणावर येत नाही, कारण आमचं कुणी चढतच नाही. आमची माणसं लिंबाच्या बुडाशी उभी राहून सभा ऐकतात, म्हणजे ऐकल्यासारखं करतात. वर पंखा घरघरतो, खाली काही कळत नाही. मग सरपंचपद राखीव झालं, मी निवडून आले आणि लिंबाखालून माझी बढती खुर्चीवर झाली.

आणि मला तो मान वाटला. सगळे सतरंजीवर, मी एकटी खुर्चीवर. पदर सावरून ताठ बसले. नवऱ्यानं मोबाइलवर फोटो काढला. वर अण्णा बोलत होते, माणसं हात वर करत होती, मी खाली मान डोलवत होते. सभा उठल्यावर ग्रामसेवकानं सांगितलं, नळाची वाढीव लाइन अण्णांच्या मळ्याकडं मंजूर झाली. आमच्या वस्तीला एकच हातपंप, उन्हाळ्यात गढूळ पाणी येतं त्याला. त्याचा विषय निघालाच नव्हता. माझ्याच अध्यक्षतेखाली झालं हे सगळं.

फोटो मी कुर्डुवाडीला आईला पाठवला. आई तिथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी करते. लगेच फोन आला. वाटलं, कौतुक करेल.

"चांगला हाय फोटू," ती म्हणाली. "पर माणसं कुटं हायती? तू एकलीच बसलीयास."

फोन ठेवला आणि फोटो पुन्हा पाहिला. खुर्ची, मी आणि माझ्या मागं चपलांचा ढीग. वर गेलेल्यांच्या चपला. गावानं मला चपलांपाशी बसवलं होतं आणि मी हौसेनं फोटो काढून घेतला होता. अण्णांचा राग नंतर आला, आधी स्वतःचीच लाज वाटली.

त्याच सुमारास सोलापुरात नव्या सरपंचांचं प्रशिक्षण होतं. साहेब सांगत होते, सत्ता वर साठून राहू नये, खाली गावापर्यंत यावी, गावाचा कारभार गावानं करावा. बोलणं खरं होतं. सत्ता मुंबईहून सोलापूरला आली. सोलापूरहून तालुक्याला. तालुक्याहून आमच्या गावात. आणि देवळात मांडी घालून बसली. तिथल्या पायऱ्या तेवढ्या तिला उतरवेनात. हे मी तिथं बोलले नाही. जेवायच्या सुट्टीत ताट घेऊन एका कोपऱ्यात बसले.

पुढच्या ग्रामसभेला पुन्हा तीच खुर्ची. मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, "सभा शाळेच्या पटांगणात घेऊ. समद्यास्नी बसता येतंय तितं."

वरची माणसं हसली. अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना रागवायची गरज पडत नाही. "बाई, देवाच्या दारात कोण खोटं बोलत न्हाय, म्हणून हितं घेतो. तुमाला काय कमी हाय? खुर्ची दिलीया की."

"मग ही सभा माझी न्हाय. मी हिची अध्यक्ष न्हाय."

बोलून घराकडं निघाले. लिंबाखालचं कुणी माझ्या मागं आलं नाही. मी मागं वळून बघितलं होतं, म्हणून सांगते.

तालुक्याला पंचायत समितीत गेले. तिथले साहेब भले गृहस्थ. बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या ग्रामसभा वेळेवर होतात, हजेरी पूर्ण असते. मूल्यमापनात तुमचं गाव वरच्या नंबरात आहे. कशाला बिघडवता? गावपातळीवर मिटवा." गावपातळी म्हणजे अण्णा. ग्रामसभा झाली की नाही, एवढं त्यांचं कार्यालय विचारतं. कोण कुठं बसलं होतं, ते विचारत नाही.

मग मीच ग्रामसभा बोलावली. अधिकार माझाच आहे. गावभर दवंडी दिली, जागा शाळेचं पटांगण. सकाळी मी स्वतः पटांगण झाडलं, सतरंज्या अंथरल्या. वस्तीत घरोघरी जाऊन आले. आमच्यातलीच एक म्हातारी म्हणाली, "बाय, तू पाच वर्सानं उतरशील. आमाला अण्णाच्याच रानात खुरपाय जायाचंय." तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

वेळ झाली. पटांगणात मी, ग्रामसेवक आणि शिपाई. समोर देवळात गाव बसलेलं, आमच्याकडं तोंड करून. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. नुसती बघत बसली माणसं. नवऱ्याला मी सांगितलं होतं, तू तरी ये. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यानं ओव्हरटाइम घेतला. सगळ्यात जास्त ते लागलं. मी तिथंच रडले, सगळ्यांच्या देखत.

ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, गणपूर्ती नाही. सभा तहकूब करावी लागेल." मी मान हलवली. ते दप्तर आवरत होते. शिपाई सतरंज्या गुंडाळायला लांब गेला, तसे ते खाली बघूनच हळू बोलले, "तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्ती लागत नाही. मी सांगितलं म्हणू नका."

मी डोळे पुसले. तारीख तिथंच ठरवली. जागा हीच. विषय पहिला, वस्तीला नळाची लाइन. विषय दुसरा, यापुढं ग्रामसभा जिथं गावातला प्रत्येक माणूस मांडीला मांडी लावून बसू शकेल तिथंच होईल.

नवरा आला तर येईल. वस्ती आली तर येईल. नाही आली तर मी एकटी बसेन, एकटीनं विषय वाचेन, एकटीनं हात वर करेन. देवळात बसून बघणाऱ्यांनी खुशाल बघावं. त्यांच्यावाचून सभा अडणार नाही.