रिकाम्या रायफलीची ड्यूटी

मी भंडारा जिल्ह्यातल्या करडीचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी इन्फन्ट्रीत हवालदार होतो. आमची एक तुकडी समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशात पाठवली होती. देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा स्वतःच्या सैन्यावर भरवसा नव्हता, म्हणून त्यांच्या निवासाचं मेन गेट आमच्याकडे दिलं होतं. आमच्यावरही त्यांचा भरवसा नव्हता, ते नंतर कळलं.

माझ्या हाताखाली लान्स नायक ताराचंद होता. लाखांदूरजवळच्या खेड्यातला, धान पिकवणाऱ्या घरचा. ड्यूटीवर मला हवालदार साहेब म्हणायचा आणि बराकीत भाऊ.

त्यांचा राष्ट्रीय दिवस जवळ आला. परेडची रिहर्सल सुरू झाली आणि राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षाप्रमुखानं ऑर्डर काढली. परेड होईपर्यंत निवासात कुणाच्याही रायफलीत राऊंड राहणार नाही. सलामी घेताना कुणी गोळी घातली तर, ही त्याची भीती. आमचे सगळे राऊंड गार्डरूममधल्या पेटीत गेले. पेटीला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. मी आमच्या मेजर साहेबांना म्हणालो, "सर, ये गलत है." साहेब म्हणाले, "मेहमान हैं हम. इनका घर, इनका कायदा." चिडलो, पण ऑर्डर ती ऑर्डर.

ताराचंद हसला. म्हणाला, "भाऊ, हे रायफल तं आता लाठीच झाली. मंग लाठीच काहून नाही देत? वजन तरी कमी."

मांडवाच्या खुर्च्या घेऊन एक ट्रक रोज आत यायचा. पहिल्या दिवशी आम्ही तो तपासला. सुरक्षाप्रमुख भडकला, कामाला उशीर होतो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ट्रक तपासणं बंद आणि गेट सकाळपासून सताड उघडं. ज्याला घर राखायचं, त्यानंच दाराची कडी काढून ठेवली.

तिसऱ्या दिवशी, नाश्त्यानंतर, मी गार्डरूममध्ये होतो. वायरलेसवर ताराचंदचा आवाज आला.

"कंट्रोल, मेन गेट. ट्रक आ रहा है. ड्रायव्हर नया है. ताडपत्री के नीचे आदमी हैं. राऊंड भेजो. ओव्हर."

कंट्रोल त्यांच्या लोकांकडे होतं. उत्तर आलं, "स्टँड बाय."

किल्लीवाला सुरक्षाप्रमुख पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेला होता.

मी खिडकीतून पाहिलं. ताराचंदनं लोखंडी गेट ढकलून लावलं आणि अडसर टाकला. ट्रक येऊन धडकला. गेट वाकलं, पण उघडलं नाही. ताडपत्रीखालून बंदूकवाले उतरले. गजांतून त्याच्याकडे नळ्या रोखून अडसर काढ म्हणून ओरडू लागले. ताराचंदनं रायफलीला संगीन चढवली आणि अडसरापुढे उभा राहिला. पळायला मागे मोकळं अंगण होतं.

मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन पेटीवर घाव घालत होतो. कुलूप तुटलं तेव्हा बाहेर गोळ्यांचा आवाज झाला. मी आणि गार्डरूममधले जवान राऊंड भरून बाहेर आलो. काही जण गेटवर चढत होते. आम्ही फायर केला. दोघे पडले, उरलेले पळाले. ताराचंद अडसराला टेकून बसलेला होता. मी नाडी पाहिली. नव्हती.

राष्ट्राध्यक्षांना ओरखडासुद्धा आला नाही. परेड ठरल्याप्रमाणे झाली, आणि सुरक्षाप्रमुख त्यांच्या शेजारी छाती काढून उभा होता. मेन गेटवर आता चार गार्ड, प्रत्येकाच्या रायफलीत राऊंड. वरातीमागून घोडं.

मग चौकशी झाली. निष्कर्ष असा की गेटवरच्या सेन्ट्रीनं एकही गोळी झाडली नाही. वाक्य खरं होतं, म्हणून तर जास्त संताप येतो. पेटीचा शब्द नाही, किल्लीचा नाही, ट्रकचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी तर आधीच मेलेला. आम्हाला तंबी मिळाली, तोंड उघडायचं नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा एसटीनं लाखांदूरला उतरलो आणि त्याच्या गावी चालत गेलो. वडील सोमाजी तलावाच्या पाळीवर भेटले. निष्कर्षाची बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. कुणी पोचवली कोण जाणे.

त्यांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "लोक म्हणून राहिले, त्यानं बंदुकीची गोडीच नाही चालवली. माहा पोरगा भेला का?"

"नाही काका. राऊंड काढून घेतले होते. रायफल रिकामी होती."

"रिकामी आहे हे त्याले मालूम होतं?"

"होतं."

"तरी गेट सोडून गेला नाही?"

"नाही."

 म्हातारा उठला आणि मला मारुतीच्या पारावर घेऊन गेला. लोक जमले. मी तंबीबद्दल सोमाजींना हळूच सांगितलं.

"नोकरीचं काय करायचं ते तू पाय," ते म्हणाले. "पण सांगशील तं जोरानं सांग. मांगं बसले त्यायले आयकू गेलं पायजे."

मी युनिफॉर्ममध्ये होतो. सावधान उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पुढे माझी बढती अडली. अडली तर अडली.

लान्स नायक ताराचंदनं गोळी झाडली नाही, कारण ती त्याला दिलीच नव्हती. जिथे चार माणसं बसतात तिथे मी हे सांगतो, आणि मागच्यांना ऐकू जाईल असं सांगतो.