ह्यांना चालत नाही

पायाची जखम चिघळली म्हणून मुलगा मला दवाखान्यात घेऊन गेला. नर्स "किआ ओरा" असा इथला नमस्कार करत आत आली आणि तिनं विचारलं, कुठलं औषध चालत नाही का? मी मराठीतच म्हणालो, "बायकोला विचारा." मुलानं ते इंग्रजीत सांगितलं नाही. हिचं वर्षश्राद्धसुद्धा व्हायचंय अजून.

एक गोळी मला चालत नाही, एवढं ठाऊक होतं. पुण्याला दातवाल्यानं दिलेली. तोंड असं सुजलं की डोळे मिटले, श्वास अडकला. पण गोळी कुठली, ते हिला ठाऊक. ही हातावर ठेवायची, मी गिळायचो. दातवाल्यानं तर दवाखाना कधीच बंद केला.

"आईच्या नोट्समध्ये असेल," मुलगा म्हणाला.

हे नोट्सचं खूळ त्याचंच. त्याची अख्खी नोकरी फोनातल्या त्या वहीत असते. "बाबा, हा माझा दुसरा मेंदू," म्हणतो. मी म्हणायचो, "आधी पहिला वापर की." पण ही शिकली. एका बोटानं मराठी टाइप करायची. स्वयंपाकाचं वेगळं, दुखण्याखुपण्याचं वेगळं, इंडियाला न्यायचं सामान वेगळं. मला म्हणायची, "तुम्हीपण शिका हो. मी काय जन्माला पुरणार आहे?" मी सातवी नापास माणूस. म्हटलं, "तू आहेस ना, मग मशीन कशाला?"

तिचा फोन मुलानं अजून चालू ठेवलाय. त्यात शोधायला लागला. "बाबा" टाकलं, काही नाही. "अ‍ॅलर्जी" टाकलं, काही नाही. माझं नाव मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं. नर्स दारात उभी.

"आईनं टॅगच लावले नाहीत," तो वैतागला.

"अरे गाढवा, तिनं जन्मात माझं नाव घेतलंय का? उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. 'ह्यांना' टाक."

त्यानं टाकलं, आणि खाली खाली सरकवतच राहिला. "बाबा, हीप्स आहेत, ढिगानं." मोठ्यानं वाचायला लागला. ह्यांना आमटीत मीठ कमी. ह्यांना कानटोपी द्यायची, नको म्हणतील तरी. ह्यांना त्या जँडल्स चपलांत मोजे घालू द्यायचे नाहीत, सून हसते. मग पुढचं मनातच वाचत गेला.

सापडलं एकदाचं. "ह्यांना दातवाल्याची लांब पांढरी गोळी परत द्यायची नाही. तोंड सुजतं." त्याखाली, "नाव विचारून लिहिणे." त्याच्यापुढचा चौकोन रिकामाच. काम झालं की ती त्यात बरोबरची खूण करायची.

गोळीचंसुद्धा नाव घेतलं नाही बाईनं.

मुलानं ते नर्सला सांगितलं. ती म्हणाली, लांब पांढऱ्या तर कितीतरी असतात. मग डॉक्टर आला. म्हणाला, दातासाठी सहसा देतात त्या जातीचं नको, दुसरं देतो, पण इथंच आमच्यासमोर घ्या आणि थोडा वेळ बसा, काही होतंय का बघू.

नर्सनं दिली ती गोळी पिवळी होती. गिळली. मुलानं हिचा फोन माझ्या हातात दिला, म्हणाला, "आता तुम्हीच लिहा, बाबा, ही चालली की नाही." वर शीर्षक लिहायची जागा दिसत होती. तिथं काय लिहायचं? स्वतःला मी 'ह्यांना' थोडंच म्हणणार?

नर्स परत आली. वाकून माझ्या तोंडाकडं बघितलं, गालाला बोट लावलं, आणि मुलाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारतेय, तुमचा चेहरा नेहमी असाच असतो का."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हिच्या फोनाकडं, परत माझ्याकडं. मीही त्याच्याकडंच बघत होतो, तो काय सांगतो म्हणून.