ताप उतरला म्हणू नका

आमच्या बाई वर्गात शिरल्या की फळ्यावर एखादी पेशी काढायच्या आणि तिच्यावर खडू आपटून विचारायच्या, "हिची भाकर कुठनं येते?" मुरबाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंना पोरांनी भाकरबाई नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "नाव ठेवा," म्हणायच्या, "पण उत्तर द्या."

बाई मूळच्या सापगावच्या. बोली त्यांनी सोडली नाही. गावाकडच्या पोरांना पाठांतर पुरे, असं एक सर म्हणाले, तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "का? आमच्या पोरांनी मेंदू भाड्याने आणलाय काय?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ते वाक्य मी अजून ताठ मानेने सांगते.

पांढऱ्या पेशींवर त्या रंगात यायच्या. "जंतू आला की या साखर भराभरा जाळतात, चुलीत काटक्या सारल्यासारख्या. जाळ मोठा, पण टिकत नाय. जंतू रक्तात पसरला, लढाई लांबली, की काटक्या संपतात आणि मागची लाकडंही पेटत नायत. मग जंतू समोर आणि पेशी नुसती बघत बसलेली."

"आमच्या बाबांसारखी," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यात मोठ्याने बाईच हसल्या.

पोर प्रॅक्टिकलला दिसलं नाही की बाई एस.टी. धरून त्याच्या घरी हजर. भातकापणीत त्या आमच्या गावी, वैशाखऱ्याला आल्या, त्या मला झापायलाच. आईच्या पायाला विळा लागला होता. आमच्याकडे करतात तशी तिने जखमेत मशेरी दाबली, फडकं बांधलं आणि परत शेतात उतरली. पाय सुजला, अंग भाजायला लागलं, म्हणून मी घरी थांबलेले. बाई आल्या त्या सकाळी ताप उतरला होता. मामा गावदेवीला नारळ फोडून खोबरं वाटत होता.

बाईंनी खोबरं घेतलं नाही. आईचे हात चाचपले. गार. श्वास धावून आल्यासारखा. आणि मला ती मावशीच्या नावाने हाक मारत होती.

"ताप उतरला, बाई," मामा म्हणाला.

"उतरला नाय रे. जळण संपलंय अंगातलं. लढणारे उपाशी पडलेत. ऊठ, जीप बघ!"

मुरबाडहून आईला कल्याणच्या मोठ्या इस्पितळात नेलं. रक्तात विष भिनलंय, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई डोळे उघडेना, तेव्हा मामाने सामान बांधलं. शेवट दिसला की माणसाला आपल्या उंबऱ्यात आणायचं, ही आमच्याकडची रीत. बाबाही उठले. बाई आईच्या खाटेवर बसल्या, सलाइनचा स्टँड मुठीत धरून.

"न्या घरी. पन आधी मला उचला."

"बाई, तिचे दिवस भरलेत."

"तुला कुनी सांगितलं? जंतूनं?"

नर्स "उठा" म्हणाली, तरी बाई उठल्या नाहीत. आईला औषधांनी वाचवलं, हे मी शिकलेली बाई म्हणून सांगते. पण औषधं चालू राहावीत म्हणून कुणाला तरी आडवं बसावं लागलं, हेही सांगते. आईच्या पायाची बोटं गेली. आई राहिली.

निवृत्त होऊन बाई लेकाकडे नागपूरला निघाल्या, तेव्हा आई नवा तांदूळ घेऊन आली आणि रडायलाच लागली.

"रडू नको गो," बाई म्हणाल्या. "त्यालाही साखर लागते. फुकट जाळू नको."

"मंग तुमी का रडताय?"

"मला डायबेटिस हाय. माझ्याकडं मोप हाय."

पुढे बाईंच्याच पायाची जखम चिघळली आणि तसंच विष रक्तात भिनलं. आम्हाला कळलं ते त्या गेल्यावर. खबर आणणाऱ्याने नेहमीचंच सांगितलं, नशिबापुढे कुणाचं चालत नाही. आई भात पाखडत होती. सूप खाली ठेवून ती त्याच्यावर उसळली.

"नशीब काय म्हनतोस? मला कळवायचं व्हतं. मी गेले असते. मी बसले असते त्यांच्या खाटेवर."